फ्युएल पंपाचा दोष

१ सप्टेंबर, सोमवार

आज फोनवर शब्द देऊन बसलो. रम्याला नववा लागतोय. पितृपक्ष संपल्यावर, अठ्ठावीस तारखेला रविवारी तिला बाळंतपणासाठी घरी आणायचं ठरलं. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत, आम्ही हेब्बाळच्या पुलापलीकडे, म्हणजे अख्खं बेंगळुरू मधे. जावई सुधींद्र म्हणाला, "मामा, मी कॅब करून देतो." पहिलटकरीण मुलगी माहेरी येणार आणि ती भाड्याच्या गाडीतून? मी म्हणालो, "काही नको, मी माझ्या गाडीने येतो न्यायला."

मालन घेवडा निवडत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा शेंगा मोडायला लागली. बत्तीस वर्षांच्या संसारात मला हे पाहणं कळतं. गाडी तीन वर्षं शेडमध्ये खोळीखाली आहे. २०२२ च्या जुलैत हेब्बाळच्या पुलावर मधोमध बंद पडली, ती टो करून आणली तेव्हापासून. फ्युएल पंपाचा दोष. दुरुस्त करायचं राहून गेलं, वेळच मिळाला नाही. (निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण वेळ खरोखरच मिळत नाही.)

चौतीस वर्षं कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. लोकांच्या कामातल्या चुका शोधून भाकरी खाल्ली. आता स्वतःच्या गाडीतल्या शोधायच्या. रजिस्टर नवं काढलंय. सत्तावीस दिवस आहेत.

२ सप्टेंबर, मंगळवार

खोळ काढली. वरून गाडी नवरीसारखी. टपावर अजून गेल्या वर्षीचं हळदकुंकू आहे.

हे नीट लिहून ठेवतो, कारण चूक माझी आहे. दर खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, मी या गाडीची यथासांग पूजा केली. धुतली, झेंडूचा हार घातला, समोर कोहळा फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी तर सुरू होत नव्हती, म्हणून मी आणि समोरचा शिवाप्पा मिळून ती ढकलून लिंबांवरून दोन फूट पुढे न्यायचो, दोन फूट मागे आणायचो. आणि चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचो. देवाचा प्रसाद गाडीला नको का? तो प्रसाद तीन वर्षं उंदरांनी खाल्ला. प्रसाद संपल्यावर त्यांनी वायरी खाल्ल्या. एअर फिल्टरच्या डब्यात चुरमुरे, झेंडूच्या पाकळ्या आणि माझ्या जुन्या हातरुमालाची चिंधी यांचं सुरेख घरटं निघालं. पिल्लं मोठी होऊन गेलेली.

म्हणजे तीन वर्षं मी गाडीची पूजा केली आणि सेवा उंदरांची.

मालन एवढी हसली की पदर तोंडाला लावून शेडच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "अहो, पण होईल ना अठ्ठावीसपर्यंत?" मी म्हणालो, होईल. तिला एवढी घाई का असावी, कोण जाणे. मला वाटतं तिला ही अडगळ एकदाची चालू करून विकायची आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी जॅक लावून मागची बाजू उचलली आणि खाली विटा रचल्या. फाटकातून शिवाप्पा ओरडतच आत आला.

शिवाप्पा मूळचा निपाणीचा. शहराच्या बसवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होता. आता त्याला सकाळी कट्ट्यावर बसून लोकांच्या गाड्या कशा चुकीच्या लागल्यात ते बघायचं काम आहे. "राव, विटांवर गाडी ठेवून खाली शिरायलाय? वीट फुटली तर अक्कांना काय सांगू मी?" म्हणाला आणि घरून स्वतःचे लोखंडी स्टँड घेऊन आला. मी म्हणालो, "मी इंजिनियरिंगचा माणूस आहे." तो म्हणाला, "म्हणून तर भ्या वाटतंय."

मागची दोन्ही चाकं जाम. गेल्या आयुधपूजेला ढकलून झाल्यावर हँडब्रेक ओढून ठेवला, तो तसाच चिकटला. चाकांखाली दगड लावून हँडब्रेक सोडलेला ठेवायचा असतो, हे मी कारखान्यात नव्या पोरांना सांगायचो.

७ सप्टेंबर, रविवार

यादी पूर्ण. एकूण तेवीस दोष. बॅटरी मेलेली, टायरना भेगा, जुनं पेट्रोल वार्निशसारखं, इंजिन ऑइल काळंकुट्ट, कूलंट नाही, ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं, वायपरचं रबर हातात येतं. तेविसावा फ्युएल पंप, त्याखाली लाल रेघ. मूळ आजार तो. बाकीचे बावीस नुसते वयाचे.

यादी मालनला वाचून दाखवली. तिने फक्त शेवटच्या दोषाचं पुन्हा विचारलं. "पंपच होता का हो तो?" मी म्हणालो, मग काय असणार.

तिची डावी पोटरी दुखते आहे. गेले दोन महिने ती शिवाप्पाच्या बायकोबरोबर, श्यामलाक्काबरोबर, सकाळी तळ्यावर फिरायला जाते. चालून दोन्ही पाय दुखायला हवेत, हिचा एकच दुखतो. चालण्याची पद्धत चुकत असणार. तसं सांगितलं आणि तिळाचं तेल चोळून दिलं. ती तेल चोळून होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून गालातल्या गालात काहीतरी करत होती. बायकांना सल्ला आवडत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

नवी बॅटरी. किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले आणि रेडिओवर कन्नड बातम्या सुरू झाल्या. शिवाप्पाने आणि मी त्या शेवटपर्यंत उभ्याने ऐकल्या.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज मूळ आजार. शिवाप्पाने टाकीत ताजं पेट्रोल ओतलं, इंजिनकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोडली आणि मला किल्ली फिरवायला लावली. पेट्रोल पिचकारीसारखं आलं. पुन्हा केलं, पुन्हा आलं. दहा वेळा करून पाहिलं.

"पंप ठणठणीत हाय की ओ, राव."

"तेव्हा बंद पडला होता."

"बंद पडलेला पंप तीन वरसं नुसता बसून बरा हुईत न्हाई."

मी त्याला समजावलं की याला इंटरमिटंट दोष म्हणतात. कधी असतो, कधी नसतो. आमच्याकडे असे भाग यायचे. तपासताना पास, मशीनवर चढवले की नापास. तो ऐकत राहिला. मग मालनकडे पाहिलं. ती चहाचे पेले घेऊन उभी होती. तिने पेले ठेवले आणि म्हणाली, "सरी, ठीक आहे, मग नवाच टाका ना. म्हणजे प्रश्न मिटेल." शहाणी बाई. नवा पंप सांगितला आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

ब्रेकचे ड्रम सुटले. गंजावर तेल मारून तीन दिवस भिजत ठेवलं होतं. आज आळीपाळीने हातोडीने ठोकत होतो. डावा साडेदहाला निघाला, उजवा जेवणानंतर. शेजारच्या बंगल्यातून कुणीतरी शिट्टी मारून विचारलं, घर पाडताय का. हात काळे, कंबर गेली, पण असं समाधान पगार मोजतानासुद्धा कधी वाटलं नव्हतं.

एक गंमत. शिवाप्पाच्या छोट्या गाडीच्या मागच्या काचेवर लाल एल चिकटवलंय. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाच्या गाडीवर शिकाऊची खूण. मी त्याला पोटभर चिडवलं. तो म्हणाला, भाची शिकतीय. त्याला भाची आहे हे मला माहीत नव्हतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मालन सकाळी नऊला "बँकेत काम आहे" म्हणून गेली ती दीडला आली. येताना मैसूर पाकचे दोन डबे, एक घरी आणि एक शिवाप्पाकडे. विचारलं, कशाबद्दल? म्हणाली, "असंच. ब्रेक सुटले ना तुमचे."

मला खरंच भरून आलं. मी उगाच समजत होतो की तिला गाडीचं काही नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सुरू झाली.

सकाळी अकरा दहा. पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा मागून पांढरा धूर. तिसऱ्यांदा शिवाप्पा म्हणाला, "स्वल्प रेस द्या, स्वल्पच," आणि धरली. शेडचे पत्रे थरथरले. श्यामलाक्का आरती घेऊन आली. मालन टाळ्या वाजवत होती. रम्याला व्हिडिओ कॉल लावून नुसता आवाज ऐकवला. ती म्हणाली, "अप्पा, बाळाने लाथ मारली." मला डोळे पुसायला लागले. हाताला ऑइल होतं, ते सगळं तोंडाला लागलं. तसाच फोटो निघाला आहे.

शिवाप्पा म्हणाला, काढा बाहेर, एक राउंड मारू. मी म्हणालो, आज नको, नवं ऑइल आधी नीट फिरू दे.

२० सप्टेंबर, शनिवार

तेवीसपैकी तेवीस दोष दूर. इन्शुरन्स झाला, धुराची तपासणी तेवढी राहिली. शिवाप्पा पुन्हा म्हणाला, राउंड. पण उद्या सर्वपित्री अमावस्या, पितृपक्षात नवी सुरुवात करू नये. तो म्हणाला, "गाडी पंधरा वरसांची जुनी हाय, नवी कुठली?" मी ऐकलं नाही. काही गोष्टी पाळाव्यात.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. मुहूर्त आला, आता सबब नाही. (सबब हा शब्द चुकून आला. कारण, म्हणायचं होतं.)

गाडी काढली. शेजारी शिवाप्पा, मागे मालन. गल्लीतून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, पेट्रोलपंपावर हवा, तिथेच धुराची तपासणी, आणि परत. पहिला गिअर, दुसरा गिअर, एकदा तिसरासुद्धा. हात विसरले नाहीत. भाजीवाल्या यल्लव्वाने गाडा बाजूला घेऊन सलाम ठोकला. फार बरं वाटलं.

शिवाप्पा म्हणाला, पुलापर्यंत जाऊ. मी म्हणालो, आज एवढंच.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रविवारचा नकाशा तयार केला. ग्राफ पेपरवर, तीन रंगांत. हेब्बाळ ते इलेक्ट्रॉनिक सिटी, सगळा रस्ता खालून. पुलांच्या बाजूचे सर्व्हिस रोड, सिग्नल, शेवटीही उन्नत मार्गाखालचा जुना होसूर रस्ता. वेळ तासभर जास्त लागेल, पण शॉक अब्सॉर्बर जुने आहेत, त्यांना चढाचा ताण नको.

मालनने नकाशा बराच वेळ पाहिला. "यात एकही पूल नाही," म्हणाली. मी शॉक अब्सॉर्बरचं सांगितलं. तिने नकाशा घडी करून दिला आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला काही सांगायचंय का मला?"

मी म्हणालो, नाही. काय सांगायचं?

२७ सप्टेंबर, शनिवार

पॉलिश, काचा, मागच्या सीटवर नवी चादर, रम्याच्या पाठीला दोन उशा. गाडी आहे तशी अगदी प्रदर्शनात ठेवावी.

सकाळपासून तळहाताला घाम आहे. साखर तपासली, नॉर्मल. चहा कमी करायला हवा. नाहीतर आत्ता सुधींद्रला फोन करून कॅब मागवावी, असं एकदा मनात येऊन गेलं. पण मुलीला शब्द दिलाय. आणि गाडीत आता एकही दोष नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

साडेसातला निघालो. मालन शेजारी, मांडीवर ओटीची पिशवी. नकाशा डॅशबोर्डवर. हेब्बाळच्या पुलाखालून गेलो, उत्तम. रविवार, रस्ता मोकळा. दीड तास मी गाणं गुणगुणत होतो, असं मालन म्हणते. उन्नत मार्गाचं तोंड आलं तिथे मी डावीकडे खालच्या रस्त्याला लागणार, तर तिथे बॅरिकेड. खाली पाइपचं काम निघालेलं. पोलीस हात हलवून सगळ्यांना वर घालत होता. मी काच खाली करून विचारलं. तो म्हणाला, "मेले होगी सार, मेले." वरून जा.

मी चढाच्या पायथ्याशी थांबलो. इंजिन चालू होतं. पंप नवा, पेट्रोल भरलेलं, तेवीसच्या तेवीस दुरुस्त. माझा उजवा पाय ब्रेकवरून उचलेना. समोर तो रस्ता वर वर जात होता, दोन्ही बाजूंना कठडा, आणि मला श्वास घेता येत नव्हता. मागून हॉर्न. मी मालनला म्हणालो, "पंप बंद पडला."

ती म्हणाली, "इंजिन चालू आहे, अहो."

मग तिने ओटीची पिशवी मागच्या सीटवर ठेवली, दार उघडलं, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आली. "हँडब्रेक ओढा. सरका तिकडे."

"तुला कुठे येतं?"

"सोळा तारखेला पास झाले. परवाना परवाच पोस्टाने आला."

बँक. मैसूर पाक. शिवाप्पाची भाची. क्लच दाबून दुखणारी डावी पोटरी. चौतीस वर्षांचा क्वालिटी इन्स्पेक्टर गिअरवरून पाय ओलांडत डाव्या सीटवर गेला, आणि मागचे हॉर्न थांबले, कारण लोक बघायला लागले होते.

तिने सीट पुढे ओढली, आरसे फिरवले, मागे पाहिलं, सिग्नल दिला आणि चढावर गाडी एक इंचही मागे न जाऊ देता उचलली. मला इतक्या वर्षांत असं जमलं नाही. वर गेल्यावर मी डोळे मिटले होते. ती समोर बघत बोलत होती.

"त्या दिवशीही इंजिन चालूच होतं. मी शेजारीच बसले होते. तुम्ही किल्ली बंद केली आणि म्हणालात, पंप. तीन वर्षं वाट बघितली, आज सांगाल, उद्या सांगाल. मग शिवाप्पांना म्हणाले, यांना विचारत बसले तर नातवंड शाळेत जायला लागेल, मलाच शिकवा."

"आणि गाडी विकायची नव्हती?"

"विकायची? मग मी चालवू काय?"

मी हसायला लागलो. हसता हसता रडलो, तेही लिहितो. ती म्हणाली, रडा खुशाल, फक्त डावा आरसा झाकू नका.

रम्या गेटपाशी उभी होती. गाडी थांबली आणि उजव्या दारातून आई उतरली, तेव्हा तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि म्हणाली, "अप्पा कुठंयत?" मी डावीकडून पिशवी घेऊन उतरलो. सुधींद्र कधी माझ्याकडे, कधी सासूकडे बघत होता. मालनने ओटी भरली. जेवून निघालो.

येताना रम्या पुढे, मी मागे उशांमध्ये. मी "इंडिकेटर" म्हणालो, "जरा डावीकडे" म्हणालो, "समोर रिक्षा" म्हणालो. मालन म्हणाली, "इन्स्पेक्शन बंद." हेब्बाळचा पूल आला. तिने खालचा रस्ता विचारलाही नाही, सरळ वर घेतली. मधोमध आल्यावर मी रम्याला सांगितलं, "इथेच थांबलो होतो मी. पंप बिघडला नव्हता. मी घाबरलो होतो. कशाला ते अजून माहीत नाही."

रम्याने मागे न वळता हात माझ्याकडे केला. मी धरला. तो पूल संपेपर्यंत धरून होतो. मालनने वेग कमी केला नाही, आणि तेच बरं झालं.

२९ सप्टेंबर, सोमवार

रम्या दहापर्यंत झोपली. तिच्या जुन्या खोलीचं दार लोटलेलं पाहिलं की घरात काहीतरी जागेवर आल्यासारखं वाटतं.

मी शेडमध्ये गेलो, टायर बघितले, ऑइल बघितलं. मग सवयीने उजव्या दाराने आत बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट पुढे, आरसा तिच्या उंचीचा, त्यात मला फक्त स्वतःची हनुवटी दिसत होती. सीट मागे न्यायच्या खटक्यावर हात गेला. मग काढून घेतला आणि तसाच आखडून बसलो.

आत जाऊन मालनला म्हणालो, "मला पुलाचं शिकवशील?"

तिने कणीक मळता मळता वर पाहिलं. या वेळचं पाहणं वेगळं होतं.

"उद्या सहाला," म्हणाली. "आणि चपला नकोत, बूट घाला."

बूट काढून पुसून ठेवले आहेत.